फुलोऱ्याची तारीख

२८ मार्च

चि. बारकीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे माणसं सगळी ठीक आहेत. माणसं असं मुद्दाम लिहितोय, कारण बाग ठीक नाही.

फोन केला असता, पण फोनवर आपलं लगेच जुंपतं आणि मग तुला मीटिंग आठवते. कागदावर मला मध्येच तोडणारं कोणी नसतं. म्हणून हे पत्र.

यंदा थंडी पडलीच नाही म्हण. फेब्रुवारीतच दुपारी स्वेटर काढून फांदीला टांगावा लागत होता. नाशपतीची झाडं फसली. मार्चच्या मध्यावर अख्खं खालचं शेत फुलून पांढरंशुभ्र झालं. तुझी वहिनी म्हणाली, या घरात आल्यापासून एवढा दाट फुलोरा पाहिला नव्हता. मधमाश्यावाल्याला निरोप धाडून पेट्या लवकर आणवल्या. जो तो खूश, मीही त्यातलाच. मागच्या आठवड्यात आभाळ निवळलं, वारा पडला आणि एका पहाटे दव गोठलं.

उजाडल्यावर मी आणि वहिनी रांगांमधून हिंडलो. लांबून काही कळत नाही, फुलं होती तशी पांढरीच दिसतात. बोटाने पाकळ्या बाजूला केल्या की मधोमध काळं. वहिनीने एका फांदीवरची फुलं पाहिली, मग दुसऱ्या फांदीवरची, आणि म्हणाली, पुरे आता, चला, चहा टाकते.

विम्याचा माणूस येऊन गेला. सभ्य होता. फोटो काढले, नुकसान झालंय हे लगेच मान्य केलं. मग चहाचा कप खाली ठेवून हळूच म्हणाला की थंडीपासूनचं संरक्षण एक एप्रिलला सुरू होतं, आणि ही थंडी मार्चातली आहे. म्हणजे थंडी खरी, नुकसान खरं, फक्त महिना चुकला. त्याच्यावर राग काढण्यात अर्थ नव्हता. त्याला पोचवायला गाडीपर्यंत गेलो.

खालच्या अंगाच्या सगळ्याच बागांची ही गत आहे. वरच्या उतारावर मास्तरांची बाग उशिरा फुलते, ती वाचली. संध्याकाळी कुंपणापलीकडचा पैलवान आला. तुला शाळेच्या वाटेवर खांद्यावर घेऊन ओढा ओलांडून द्यायचा तोच. आता ओढ्याने त्याला उचलावं अशी परिस्थिती आहे. तो सगळ्यांदेखत म्हणाला की तुझी बहीण त्याच कंपनीत हप्ते ठरवायला बसते, मग आमचं असं का. मी म्हटलं, ती तिथे नोकरी करते, तिचं काही राज्य नाही तिथे.

तेव्हा मी तुझ्याकडे काही मागत नाही. बागायतदारांच्या सोसायटीचा अध्यक्ष म्हणून लोकांना उत्तर द्यायचं आहे, म्हणून एवढंच विचारतो: ही एक एप्रिल कोणी ठरवली आणि कशावरून?

आमच्या टिकलीचा बागशास्त्राचा अभ्यास संपला. शहरातली नोकरी चालून आली होती, ती नको म्हणाली. घरी येऊन खालच्या शेतातली म्हातारी झाडं काढून तिथेच नवी नाशपती लावायचा तिचा बेत आहे. मी वरकरणी ‘बघू’ म्हटलं. आतून किती हरखलोय ते तिला कळवू नकोस.

पाठीचं दुखणं कसं आहे ते लिही. तुझ्यावर राग नाही. असता तर फोनच केला असता.

तुझा,
दादा

*

५ एप्रिल

ती. दादास,

सा. न. वि. वि. आमच्या ऑफिसात दोन टेबलांच्या मधे साष्टांग घालण्याइतकी जागा नाही, तेव्हा खुर्चीतूनच घातलेला गोड मानून घे.

पत्र वाचलं आणि आधी वहिनीचा चेहरा डोळ्यांपुढे आला. ती चहा टाकते म्हणाली की समजावं.

पहिली गोष्ट, तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी आमच्या बाईंना, म्हणजे माझ्या वरिष्ठांना, सांगितलं की या खोऱ्यात माझ्या भावाची बाग आहे. नात्यातल्या माणसाच्या भरपाईला मी हात लावायचा नाही असा नियम आहे, आणि तो चांगला नियम आहे. तेव्हा तुझ्या, पैलवानाच्या किंवा कोणाच्याच यंदाच्या दाव्यात माझा काही उपयोग नाही. पैलवानाला सांग की खांद्यावरच्या प्रवासाचं भाडं मी दुसऱ्या कशात तरी फेडीन.

आता तारखेचं. एक एप्रिल कोणा एकाच्या मनाला आली म्हणून ठरली नाही. खूप वर्षांपूर्वी, मी इथे लागायच्याही आधी, जुन्या तापमानांच्या नोंदी काढून कोणीतरी हिशेब मांडला. तेव्हा तुमच्याकडे फुलं एप्रिलच्या मध्यावर उमलायची. कळी मिटलेली असताना थंडी पडली तर तिला फारसं काही होत नाही, म्हणून मार्च धरलाच नाही. तेव्हा ते बरोबर होतं. पुढे फुलोरा सरकत सरकत अलीकडे आला आणि तारीख तिथेच बसून राहिली. कोणी फसवलं नाही, कोणी वळून पाहिलं नाही एवढंच.

बाईंना मी म्हटलं की तारीख नव्याने तपासू या. एकट्या तुमच्या खोऱ्याची नाही, सगळ्याच फळबागांची. त्या हो म्हणाल्या. खोऱ्यात ठिकठिकाणी खांबांवर आमच्या कंपनीचे थर्मामीटर आहेत, त्यातल्या एकावर पैलवान सदरा वाळत घालतो, ते आता कामी येतील.

पण दादा, याची दुसरी बाजू तुला आजच सांगून ठेवते. विमा म्हणजे पुष्कळांनी थोडं थोडं भरायचं आणि एखाद्यावर वेळ आली की त्यातून द्यायचं. वेळ एखाद्यावर यावी लागते. सगळ्यांवर आणि वरचेवर येऊ लागली तर थोडं भरून भागत नाही. तुमचा हप्ता आजवर कमी होता, कारण धोक्याचे दिवस त्यात नव्हतेच. तारीख अलीकडे आणली की विमा खरा होईल, आणि खरा झाला की महाग होईल. खालच्या शेतांना तर परवडणार नाही इतका महाग होईल अशी मला भीती आहे.

टिकलीला रोपं नोंदवायची घाई करू नको म्हणावं.

पाठ ठीक आहे. नवीन खुर्ची मिळाली आहे, ती कुरकुरते, मी नाही. लोभ आहे तसाच ठेव, त्याचा हप्ता वाढवू नकोस.

तुझी,
बारकी

*

१४ एप्रिल

चि. बारकीस,

आशीर्वाद. तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा भाऊ म्हणून आणि एकदा अध्यक्ष म्हणून. दोघांनाही आवडलं नाही.

तू लिहिलंस त्यात खोट काढता येत नाही, आणि त्याचाच त्रास होतो. इतकी वर्षं आम्ही हप्ते भरत आलो आणि आता कळतं की ज्या दिवसांची भीती होती तेवढेच दिवस त्यात नव्हते. ते घालायला गेलं तर परवडणार नाही. मग आम्ही इतके दिवस घेत होतो ते काय होतं, हे मला पैलवानाला समजावून सांगता आलं नाही, कारण मलाच नीट गिळता आलेलं नाही.

परवा सोसायटीच्या खोलीत सभा झाली. तारीख एक मार्च करावी असा अर्ज मास्तरांनी लिहिला. अक्षर अजून सुरेख आहे आणि स्वभाव अजून तसाच, सही करताना मला म्हणाले, अध्यक्षांनी नावाच्या खाली रेघ मारायची गरज नसते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, जणू अर्ज गेला की फुलं परत येणार. हप्ता वाढेल हे मी बोललो नाही. बोलायला उठलो होतो, पण सगळ्यांचे चेहरे बऱ्याच दिवसांनी जरा सैल झाले होते. पाणी प्यालो आणि बसलो.

आणि टिकलीचं. घाई करू नको म्हणावं, हे तू एका ओळीत लिहून मोकळी झालीस. पोरगी सकाळपासून खालच्या शेतात दोऱ्या लावून रांगा आखते आहे. तिच्यापुढे जाऊन ती ओळ म्हणून दाखवायची कशी तेही लिहायचं होतंस. मी अजून सांगितलेलं नाही.

जमलं तर ये. ऑफिसची म्हणून नको, घरची म्हणून ये.

थोडा रागावलेला,
दादा

*

२० एप्रिल

ती. आत्यास,

सा. न. पुढचं सगळं विनंतीच आहे, म्हणून वि. वि. वेगळं लिहीत नाही.

बाबांना हे पत्र ठाऊक नाही, आईला ठाऊक आहे. तुझं पत्र आलं की बाबा जेवताना मोठ्याने वाचतात, तुझ्या विनोदांवर आधी स्वतः हसतात आणि मग आम्हाला वाचून दाखवतात. मागचं पत्र वाचलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, ऑफिसचंच काहीतरी आहे. तेव्हापासून ते ताटात बघून जेवतात. मी रांगांच्या दोऱ्या लावते तेव्हा शेताच्या कडेला येऊन उभे राहतात आणि परत जातात. काल तर माझी एक दोरी वाकडी होती ती सरळ करून गेले. बाबांनी मला वाकडं लावल्याबद्दल बोल लावला नाही, असं आजवर कधी झालेलं नाही.

मी लहान नाही. झाडं लवकर फुलतात हे मलाही दिसतं, त्याचाच अभ्यास करून आले आहे. मला वाटलं होतं की उशिरा फुलणारी जात लावली की सुटेल. पण तुझ्याकडे सगळ्या खांबांची तापमानं आहेत आणि माझ्याकडे एकच शेत आहे. खालचं शेत संपलं का? मला ‘बघू’ आणि ‘थांब’ नको आहे. या घरात ते दोन शब्द खूप आहेत.

नोकरी नाकारली याचं मला वाईट वाटणार नाही. चुकीच्या जागी झाडं लावून पुढची वीस वर्षं त्यांच्याकडे बघत बसले तर वाटेल.

आईचा गुडघा बरा आहे असं ती सांगते. जिना चढताना थांबते आणि भिंतीवरचा फोटो बघतेय असं दाखवते.

उत्तर मलाच पाठव. तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
टिकली

*

२६ एप्रिल

चि. टिकलीस,

अनेक आशीर्वाद. सरळ विचारलंस, सरळ सांगते.

नाशपतीसाठी खालचं शेत संपत आलं आहे. माती तिथली सगळ्यात चांगली, पाणीही जवळ, म्हणून आजोबांनी तीच जागा निवडली. पण गार हवा जड असते. वारा पडला की ती उतारावरून घरंगळत येते आणि खोलगट जागी साचते. आपलं शेत त्या बशीचा तळ आहे. पूर्वी फुलं उमललेली असताना तिथे दव गोठणं एका पिढीत एकदा किंवा दोनदा व्हायचं. नव्या हिशेबात ते दर तीन-चार वर्षांनी होईल असं दिसतं. उशिरा फुलणारी जात लावलीस तर थोडं बरं, पण मोठासा फरक पडत नाही.

लोक मला विचारतात की थंडी कमी झाली तर धोका वाढला कसा. तुला सांगायला नको, तरी लिहिते, पुढे कोणाला समजावताना उपयोगी पडेल. हिवाळा ऊबदार झाला, म्हणून झाडं लवकर जागी होतात. पण कडाक्याच्या चार रात्री कुठे गेलेल्या नाहीत. त्या यायच्या तेव्हा येतातच. पूर्वी त्या यायच्या तेव्हा झाडं झोपलेली असायची.

ऑफिसात यावर बरंच चर्वितचर्वण झालं. सगळ्या खोऱ्याला एकच हप्ता लावला तर वरच्या बागा खालच्यांसाठी भरत राहतील, मग कंटाळून विमा सोडतील, आणि उरलेल्या खालच्यांचा विमा टिकणार नाही. वेगळे हप्ते लावले तर खालच्यांना भरणं कठीण. तिसरा रस्ता म्हणजे खोरंच सोडून द्यायचं. साहेबलोकांपैकी दोघांना तोच सोपा वाटत होता. बाईंनी त्यांना थांबवलं. सभेला येऊन त्या स्वतः सगळ्यांना सांगणार आहेत. मी बोलणं बरं दिसणार नाही, आणि सभेत बसणंही नाही. पण बाबा अध्यक्ष आहेत, म्हणून कंपनीचं म्हणणं त्यांना आधी कळवायचंच आहे, आणि ते मी कळवलं तर चालेल असं बाई म्हणाल्या.

तेव्हा मी शनिवारी येते आहे. तू हे पोटात घेऊन फिरू नकोस. तुझी आत्या मोठी आहे आणि तिला याचा पगार मिळतो. शनिवारपर्यंत दोऱ्या तशाच राहू देत.

तू विचारलंस याचं बरं वाटलं. आपल्या घरात प्रश्न विचारायला माणसं वर्ष वर्ष घेतात.

तुझी,
आत्या

*

११ मे

प्रिय बारकी,

वहिनीचे आशीर्वाद. मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे, पण तू सभेआधीच निघून गेलीस आणि हे सांगतील ते अर्धंच सांगतील. म्हणून लिहायला बसले आहे. शुद्धलेखन मास्तरांना दाखवू नकोस.

तू आणि हे त्या रविवारी पहाटे शेतातून परत आलात तेव्हा यांचे डोळे लाल होते. मी म्हटलं गार वारा लागला असेल. तू निघाल्यावर यांनी स्वतः टिकलीला बोलावून सगळं सांगितलं. ती म्हणाली मला ठाऊक आहे. मग हे म्हणाले मला पण ठाऊक होतं. मग दोघं जाऊन दोऱ्या गुंडाळून आले.

सभेला तुझ्या बाई आल्या. चिखलात बूट भरले तरी कुरकुर नाही. त्यांनी आधी सांगून टाकलं की यंदाची भरपाई नियमात बसत नाही, ती मिळणार नाही. पण तारीख जुनी झाली होती ही चूक कंपनीची, ते त्यांनी लेखी आणलं होतं. पुढच्या वर्षापासून एक मार्च. मग दोन हप्ते सांगितले, वरचा आणि खालचा. खालचा ऐकून एकदम सगळे बोलायला लागले. मास्तर म्हणाले की वरच्यांनी खालच्यांच्या थंडीचं का भरायचं. कोणीतरी म्हणालं एकच हप्ता ठेवा, आजवर एकत्र राहिलो ना. आणि मग पैलवान उठून म्हणाला की हे सगळं बहीणभावाने घरात बसून ठरवलंय, आम्हाला फक्त ऐकवायला बोलावलंय.

बारकी, मला वाटलं आता यांचा तोल जाणार. हे उभे राहिले आणि इतक्या हळू बोलले की मागच्यांना पुढे सरकावं लागलं. म्हणाले, खोऱ्यात सगळ्यात वाईट शेत माझं आहे. बहिणीनेच ते मला त्या शेतात उभं करून सांगितलं. एकच हप्ता ठेवला तर सगळ्यात जास्त फायदा माझा, म्हणून मी एक हप्ता मागणार नाही. वेगळे ठेवा. आणि खालच्यांनी आता ठरवायचं आहे, दर तीन-चार वर्षांनी भरपाईची वाट बघायची की झाडं हलवायची.

कुठे हलवायची म्हणून कोणीतरी ओरडलं. तेव्हा टिकली बोलली. सोसायटीचा तो वरचा मोकळा उतार आहे ना, मास्तरांच्या मेंढ्या चरतात तो. आपल्या वेळी तिथे फळ पिकायच्या आत थंडी यायची, म्हणून कोणी काही लावलं नाही. ती म्हणाली आता तिथला उन्हाळा पुरतो, आणि उतार असल्याने गार हवा थांबत नाही. पाणी मात्र खालून चढवावं लागेल. तुझ्या बाईंनी तिला बरंच काही विचारलं आणि लिहून घेतलं. मास्तर टोपी हातात धरून बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर दारात. म्हणाले मेंढ्या एका बाजूला ठेवीन, बाकीचा उतार ज्यांची शेतं बुडाशी आहेत त्यांना वाटून द्या. मग टिकलीने उतारासाठी रात्री लिहिलेला अर्ज मागून घेतला, त्यातल्या तीन चुका दुरुस्त केल्या आणि गेले. पाणी घ्या म्हटलं तर थांबले नाहीत.

पैलवान मात्र उतारावर जागा नको म्हणाला. झाडं काढणार नाही आणि कोणाचे उपकार घेणार नाही. वाढलेला हप्ता भरीन म्हणाला. त्या दिवसापासून कुंपणाशी येत नाही. यांनी एकदा हाक मारली, तो आत गेला. दोघं सकाळचा चहा कुंपणाशी घ्यायचे, हे तो आता घरातच घेतात.

माझा गुडघा बरा आहे. टिकलीने काही लिहिलं असेल तर ते खोटं. ये परत, आणि या वेळी जेवायला थांब.

तुझी,
वहिनी

*

३० नोव्हेंबर

ती. दादास,

सा. न. वि. वि. उतारावरच्या रोपांचे फोटो टिकलीने पाठवले. ते ऑफिसात सगळ्यांना दाखवले. बाईंनी विचारलं की झाडं कुठे आहेत, मी म्हटलं त्या काठ्यांना टेकून उभी आहेत तीच. कोवळ्या झाडांच्या काळात कमी हप्त्याचं संरक्षण देण्याचं टिकलीने सभेत सुचवलं होतं, ते मंजूर झालं. माझा त्यात हात नाही, तुमच्या खोऱ्याचा कागद माझ्या टेबलावर येतच नाही.

खालची झाडं काढलीस हे वहिनीकडून कळलं. तू लिहिलं नाहीस, म्हणून मीही विचारत नाही. त्या रविवारी मी तुला तिथे उभं करून बोलले ते अजून माझ्या कानात आहे. तू मला शेवटपर्यंत बोलू दिलंस, मध्ये एकदाही तोडलं नाहीस.

दादा, मी आता महिन्यातून एकदा तरी कुठल्या ना कुठल्या खोऱ्यात जाऊन हेच बोलते. मागच्या महिन्यात डोंगरापलीकडे गेले होते. तिथे सगळी जमीन सपाट, वर सरकायला जागाच नाही. तिथला विमा कंपनीने बंद केला. एक म्हातारे गृहस्थ मला बसस्टॉपपर्यंत पोचवायला आले, तुझ्यासारखे. रागावले असते तर सोपं गेलं असतं. आपल्या खोऱ्याला एक उतार मिळाला, ते कोणाच्या हुशारीने नाही, हे मी स्वतःला बजावत असते.

पैलवान बोलतो का? लोभ कमी करू नकोस, थंडीचे दिवस आहेत.

तुझी,
बारकी

*

४ एप्रिल

चि. बारकीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. पुन्हा तेच झालं, आणि या वेळी तुला ते शांतपणे कळवता येतंय.

मार्चच्या अखेरीस फुलं पूर्ण उमलली असताना दव गोठलं. मी सवयीने पहाटे उठून खालच्या शेतात गेलो. आता तिथे कांदा आहे. पातीवर पांढरी कड आली होती, ऊन लागल्यावर ओघळून गेली. मी तिथे उभा राहिलो आणि लक्षात आलं की मला कसलीच भीती वाटत नाही. हलकं वाटलं. आणि कुंपणापलीकडे पैलवानाची सगळी झाडं फुललेली दिसली, तेव्हा त्या हलकेपणाची जरा लाजही वाटली. पलीकडे तो फुलं उघडून बघत होता. मी हाक मारली नाही. काय म्हणून मारणार.

टिकलीच्या रोपांना काही झालं नाही. फुलायची ती अजून दोन-तीन वर्षांनी, पण पानं टवटवीत आहेत. मास्तरांची एक मेंढी कुंपण ओलांडून चार शेंडे खाऊन गेली, त्याचा विमा तुमच्याकडे आहे का ते विचारून ठेव.

पैलवानाकडे विम्याचा माणूस आला. मागच्या वेळचाच. एक मार्च उलटून गेला होता, सगळं नियमात बसलं, भरपाई मंजूर झाली. गावात दोन दिवस तोच विषय. कोणी म्हणालं पैलवान जिंकला, दादांनी उगाच झाडं तोडली. मला वाईट वाटलं नाही असं लिहिणार होतो, पण तुला लिहून उपयोग नाही, तू ओळखशील. वाटलं.

काल सकाळी मी चहा घेत होतो आणि पैलवान आला. मागच्या मे महिन्यानंतर पहिल्यांदा. वहिनीने काही न विचारता दुसरा कप भरला. मी म्हटलं, भरपाई मिळाली ते बरं झालं. तो म्हणाला, मिळाली, पुरी मिळाली, तक्रार नाही. मग म्हणाला की पण आता करू काय. विरळणी नाही, आधार लावणं नाही, तोडणी नाही, माणसांना बोलावणं नाही. दोन्ही पोरं म्हणतात बाबा आराम करा. ऑगस्टात झाडांखालून रिकाम्या हाताने हिंडायचं आणि पुढच्या मार्चाची वाट बघायची. पीक भरून मिळालं, वर्ष कसं भरून मिळणार, असं म्हणाला. बहीण त्या कंपनीत आहे तर विचार म्हणाला, पण हसत.

मग सभेतल्या बोलण्याबद्दल काहीतरी सांगायला लागला. मी म्हटलं, चहा निवतोय. त्याला ते पुरलं, मलाही.

कप खाली ठेवून त्याने विचारलं की उतारावर अजून जागा उरली आहे का. टिकली आतून ऐकत होती, ती बाहेर येऊन म्हणाली की वरच्या टोकाला एक पट्टा आहे, पण चढ फार आहे. पैलवान म्हणाला, मग हळू चढू. आम्ही तिघं निघालो. वाटेत तो तीनदा बसला आणि प्रत्येक वेळी पाण्याच्या पाइपाची जोडणी तपासतो आहे असं दाखवलं. वर पोचल्यावर त्याने तो पट्टा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून पाहिला, मातीत काठी रोवली, खाली खोऱ्याकडे तोंड करून उभा राहिला आणि टिकलीला विचारलं की बाई, इथे रोपं कोणत्या महिन्यात लावायची.

बाकी सगळं आलबेल. वहिनी म्हणते या वेळी जेवल्याशिवाय तुला सोडणार नाही. तुझ्या येण्याची तारीख मात्र तूच ठरव, आणि ती सरकू देऊ नकोस.

तुझा,
दादा